दगाआबांचा ओटा

दगाआबा वकील चहासुद्धा हक्क राखून प्यायचे. कप तोंडाला लावण्याआधी एक बोट वर करायचे आणि समोर जो कोणी असेल त्याला बजावायचे, "घेतो. पण माझे सर्व हक्क राखून." पुढे साखर कमी निघाली तर तक्रारीची सोय असावी, एवढाच त्याचा अर्थ. लग्नात अक्षता हक्क राखून टाकायचे, ताप आला तर गोळी हक्क राखून गिळायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे अक्कांना, मी एकदा विचारलं की घरीही असंच चालतं का. अक्का म्हणाल्या, "बाई, लग्नात माह्या गळ्यात माळ घातली तवाबी हेच पुटपुटत व्हते. मले वाटलं, मंत्र म्हनून रायले."

आबा मूळचे धुळ्याकडचे. तिकडे आधीची लेकरं हाताला लागली नाहीत की पुढच्याचं नाव मुद्दाम दगा, दगडू असं काहीतरी ठेवतात, म्हणजे देवाचं लक्ष जात नाही. देवाचं गेलं नाही, पण पक्षकारांचं जायचं. ‘दगाजी, वकील’ ही पाटी बाहेरगावचा माणूस एकदा वाचायचा, पुन्हा वाचायचा आणि हातातली पिशवी छातीशी धरायचा. आबांनी पाटी कधी बदलली नाही. "आधीच सांगी टाकेल बरं," असं त्यांचं म्हणणं.

मी जळगावहून लग्न होऊन या तालुक्याच्या गावी आले आणि इथल्या कोर्टात उभी राहू लागले, तेव्हा आबा आमच्या वकील संघाचे अध्यक्ष होते. मी आले त्याच्या आधीही होते आणि नंतरही राहिले. दर वर्षी निवडणूक जाहीर व्हायची, दर वर्षी आबा एकटेच अर्ज भरायचे आणि दर वर्षी निवडून आल्यावर डोळे पुसून म्हणायचे, "चुरशीची झाली."

आमच्या गावात नाट्यगृह नाही. वाचनालय आहे, पण ते उघडत नाही. त्यामुळे कोर्टाशेजारची आमची पत्र्याची बार रूम हीच गावाची करमणूक आणि गावाचं माहेर. नळाला पाणी आलं नाही, एसटी थांबली नाही, सून रुसली, बोकड हरवला, की लोक सरळ बार रूममध्ये यायचे. आबा प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि संघाची तातडीची सभा बोलवायचे. ठराव केल्याशिवाय आमच्याकडे पंखादेखील फिरत नसे. एका उन्हाळ्यात ‘पंखा पाचवर ठेवावा’ आणि ‘पंखा तीनवर ठेवावा’ असे दोन ठराव एकाच दुपारी मंजूर झाले होते, आणि दोन्हींचा मान राखावा म्हणून आम्ही पंखा बंद ठेवून घामाघूम बसलो होतो.

एकदा भर एप्रिलात लग्नाच्या वरातीत बँड थांबला. नवरदेवाचा मामा एकच गाणं पुन्हा पुन्हा मागत होता आणि बँडमास्तर म्हणत होता, आता पुरे. हाणामारी होणार म्हणून कोणीतरी पळत बार रूमवर आलं. काळे कोट घातलेल्या आम्हा सगळ्या वकिलांना घेऊन आबा निघाले. लोकांना वाटलं, वरातीत नवीन बँड आला. आबांनी बँडमास्तरांना रस्त्यातच साक्षीदारासारखं उभं केलं.

"तुम्ही जे वाजवलं ते गाणं होतं, हे तुम्ही कशावरून म्हणता?"

"साहेब, सगळे नाचत होते ना."

"नाचत होते, की उन्हानं पाय भाजत होते म्हणून उड्या मारत होते? विचार करून सांगा."

बँडमास्तर खरोखरच विचारात पडले. मग मामाची उलटतपासणी झाली, मग फेरतपासणी. नवरदेव घोड्यावर झोपला, घोडाही उभ्या उभ्या झोपला. शेवटी दोन्ही बाजूंनी हात जोडून आबांना सांगितलं की आमचं मिटलं. संघाची मध्यस्थी नेहमी अशीच यशस्वी व्हायची. भांडणाऱ्यांना भांडणापेक्षा आम्ही जड व्हायचो.

आबांचं घर कोर्टामागच्या एका अरुंद, पुढे बंद असलेल्या गल्लीत. गुडघे दुखायला लागले तसं त्यांनी दाराला लागून गल्लीत एक सिमेंटचा ओटा बांधून घेतला, वर शहाबादी फरशी. कोर्ट सुटलं की आम्ही पाच-सहा जण त्या ओट्यावर जाऊन बसायचो. अक्का भाजलेल्या शेंगा आणून ठेवायच्या. आबांकडे तेव्हा दावे फारसे उरले नव्हते. नवे पक्षकार मोबाइलवाल्या वकिलांकडे जायचे. पण ओट्यावर बसलं की आबा पुन्हा आबा व्हायचे. हात हवेत, आवाज गल्लीच्या टोकाला. खरं सांगते, मला कोर्टापेक्षा तो ओटा जास्त आवडायचा, आणि आबा जगत होतेच मुळी त्या ओट्याच्या जोरावर.

गल्लीच्या आतल्या टोकाला युनूसभाईंचं घर. युनूसभाई लोटगाडीवर केळ्याचे गरम वेफर्स विकायचे. गाडीवर शेगडी, कढई आणि पाकिटांची काचेची पेटी. ओटा झाला आणि त्यांची गाडी घरापर्यंत जाईना. ती रात्रभर गल्लीच्या तोंडाशी उभी राहू लागली. कधी बकऱ्यांनी केळी खाल्ली, कधी काच फुटली, आणि एका सकाळी तर शेगडीच गायब. तेलाचा डबा आणि कढई डोक्यावर घेऊन माणूस रोज गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत खेपा घालत होता. चाळीसगावला साडू बोलवत होता, तिकडे निघून जावं असं त्यांच्या मनात घोळत होतं. आणि आमचे आबा रोज संध्याकाळी त्याच ओट्यावर बसून त्यांचेच वेफर्स खात होते. त्यांना यातलं काही दिसलं नव्हतं. वर बसणाऱ्याला ओट्याची अडचण कशी दिसणार?

हे प्रकरण उघडकीला आणलं तेही आबांनीच. बाजाराच्या दिवशी संघानं कायद्याची माहिती देणारं शिबिर भरवलं. मांडवात माणसं कमी होती म्हणून आबा अधिकच जोरात बोलले. "घाबरू नका! समोरचा कितीही मोठा असो! आमच्या संघाचा अध्यक्ष जरी समोर असला, तरी या तालुक्यात माणूस वकिलाविना राहणार नाही!" मांडवाच्या कडेला गाडी लावून उभे असलेले युनूसभाई एकदम टाळ्या वाजवू लागले. आबांनी त्यांच्याकडे पाहून मान लववली.

सोमवारी युनूसभाई बार रूममध्ये हजर. त्यांनी एकेका वकिलाला आपली अडचण सांगितली आणि एकेक वकील आजारी पडत गेला. आमच्याकडे एक न लिहिलेला रिवाज होता: संघातल्या वकिलाविरुद्ध संघातल्या कोणी वकीलपत्र घ्यायचं नाही. एकाची दाढ दुखू लागली. एकाला आठवलं की आपण फक्त महसुली काम बघतो. चौधरी वकील तर टेबलाखाली पडलेलं पेन शोधायला वाकले ते बराच वेळ वर आलेच नाहीत. तेवढ्यात आबा आले. वकील मिळत नाही म्हणून माणूस परत चाललाय, एवढंच त्यांच्या कानावर पडलं.

"काय?" आबांचा आवाज चढला की धुळं बाहेर यायचं. "बठ्ठा वकील मरी गयात का? या मानूसले वकील नई? कोन शे तो समोरला, ज्याले तुम्ही इतला घाबरतस?"

युनूसभाईच अदबीनं म्हणाले, "साहेब, आप ही हो."

आबा खुर्चीत बसले. त्यांनी चहा मागवला. पहिल्यांदाच तो हक्क न राखता प्याले, यावरून काय ते आम्ही समजलो. मग कप ठेवून म्हणाले, "सभा बोलवा."

ती सभा मी विसरूच शकत नाही. आबा अध्यक्षपदी. विषय वाचला गेला तसे ते उठले. "या विषयात माझा संबंध आहे, मी खुर्ची सोडतो," असं म्हणून सभासदांत येऊन बसले. तिथून हात वर करून त्यांनी हरकत घेतली, की ओटा ही खासगी बाब आहे, संघानं पडू नये. हरकतीवर निर्णय कोण देणार? अध्यक्षच. म्हणून ते पुन्हा वर गेले, समोरच्या रिकाम्या जागेकडे करड्या नजरेनं पाहिलं आणि म्हणाले, "हरकत फेटाळली." खाली येऊन बसल्यावर माझ्या कानाशी पुटपुटले, "अध्यक्ष फार ताठ शे." युनूसभाईंना वकील द्यावा, असा ठराव झाला. वकीलपत्र घ्यायला कोणी हात वर करेना तेव्हा आबांनीच माझ्याकडे बोट दाखवलं. का, तर म्हणे, "माझ्याविरुद्ध हरलेल्या नाहीत अशा तुम्ही एकट्याच." खरं होतं. मी त्यांच्याविरुद्ध कधी उभीच राहिले नव्हते.

मी भीत भीत दावा लिहिला. आबांवर समन्स बजावलं गेलं आणि त्याच संध्याकाळी ते काठी आपटत माझ्या घरी आले. मला वाटलं, आता ऐकून घ्यावं लागणार. ऐकावं लागलंच, पण निराळं.

"हा दावा आहे? बाई, असल्या दाव्यातून मी दुपारच्या चहाआधी सुटतो! गल्ली सार्वजनिक आहे हे कुठाय? गाडी आधी आत जात होती याचे साक्षीदार कुठायत? तात्पुरत्या मनाईचा अर्ज कुठाय?"

"आबा, तुम्ही समोरच्या बाजूचे वकील. तुम्ही मला कसं सांगता? पक्षकाराची परवानगी लागते."

आबांनी डोळे मिटले, क्षणभर स्वतःशी मसलत केली आणि म्हणाले, "पक्षकारानं दिली. लिहा."

असं त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात बसून स्वतःविरुद्धचा दावा नव्यानं सांगितला, आणि तो इतका पक्का झाला की त्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं. जाताना उंबऱ्यावर थांबून मात्र म्हणाले, "एक मुद्दा मी सांगितलेला नाही. तो माझे हक्क राखून."

घरी अक्कांनी अबोला धरला. मिरच्या, पापड, कुरडया सगळं त्या ओट्यावरच वाळत असे. त्या गल्लीतून ओरडून सांगायच्या, "याहीले वकील बदलून द्या कोनी. हा फितूर हाय!"

कोर्टात आबा कोट उतरवून साध्या सदऱ्यात साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहिले. न्यायाधीश विदर्भातून नुकतेच बदलून आलेले, तरुण, शांत गृहस्थ. मी उलटतपासणी घेत होते. मध्येच प्रश्न आठवेना. पिंजऱ्यातून हळूच आवाज आला, "गल्लीची रुंदी विचारा."

न्यायाधीश म्हणाले, "साक्षीदारानं प्रश्न सुचवू नयेत."

"मग वकिलानं लवकर विचारावेत," आबा म्हणाले. "साक्षीदाराचे गुडघे दुखतात."

शेवटी न्यायाधीशांनी जागेची पाहणी करायला चौधरी वकिलांना कमिशनर नेमलं. हुकूम असा: गाडी एकदा गल्लीत आत नेऊन पाहावी, आणि अहवाल येईपर्यंत गल्लीची स्थिती जैसे थे ठेवावी. या दोन वाक्यांनी पुढे काय होणार आहे, हे न्यायाधीशांना ठाऊक असतं तर त्यांनी त्याच दिवशी बदली मागितली असती.

पाहणीला अख्खा वकील संघ कोट घालून हजर. बघ्यांनी गच्च्या भरल्या. युनूसभाई गाडी मागून ढकलू लागले. आबांना राहवलं नाही. "माझ्या ओट्यानं कोणाची वाट अडत नाही, हे मी स्वतः दाखवतो," असं म्हणून ते ओट्यावरून पलीकडे उतरले आणि पुढून गाडी ओढू लागले. बाहेरून युनूसभाई, आतून आबा. गाडी अर्धी आत गेली, करकरली आणि ओटा आणि समोरची भिंत यांच्यामध्ये घट्ट रुतली. पुढे जाईना, मागे येईना. आबा बंद गल्लीच्या आतल्या बाजूला राहिले. ओट्यावरून परत यावं तर गाडीचा लाकडी खांब नेमका ओट्यावर आडवा आलेला. काचेच्या पेटीतून वेफर्सच्या पाकिटांमागे त्यांचा चेहरा दिसत होता.

युनूसभाईंनी गाडी मागे खेचायला हात घातला, तोच चौधरी वकील ओरडले, "थांबा! हुकूम आत नेण्याचा आहे. बाहेर काढण्याचा नाही."

"आणि आता गल्लीची जी स्थिती आहे ती जैसे थे ठेवायचीय," दुसरा कोणी म्हणाला.

झालं. संघ गाडीभोवती उभा राहून वाद घालू लागला. रुतलेली गाडी ही गल्लीची स्थिती आहे की नाही? आबा हे गल्लीचा भाग धरायचे की गाडीचा? त्यांना उचलून बाहेर काढलं तर कोर्टाचा अवमान होईल का? मी बापडी म्हणाले, अहो, म्हातारा माणूस उन्हात आहे. त्यावर पेटीमागून खुद्द आबाच गरजले, "बाई, तुम्ही वादीच्या वकील! तुम्हाला माझी बाजू मांडता येणार नाही! जैसे थे म्हणजे जैसे थे!"

मग ‘प्रतिवादीस सोडवण्याची परवानगी मिळावी’ असा अर्ज टाइप करायला एक जण पळाला. कोर्ट जेवणाच्या सुट्टीत होतं. युनूसभाईंच्या बायकोनं आतून आबांना बसायला पाट दिला, डोक्यावर ओला पंचा टाकला. अक्कांनी खिडकीतून पाण्याचा तांब्या धरला. आबा पाणी प्याले आणि कढईकडे, तेलाच्या डब्याकडे, त्या रुतलेल्या चाकाकडे बघत राहिले. मग हळू आवाजात विचारलं, "युनूस, रोज हे डोक्यावर नेतोस?"

"रोजच, साहेब."

"मले सांगाना व्हता."

"तुम्ही वेफर्स खात होते, साहेब. खातांना काय सांगू?"

आबांनी तांब्या खाली ठेवला. आमचा वाद मात्र चालूच होता, तेवढ्यात अक्का दारातून बाहेर आल्या. हातात खलबत्त्यातला लोखंडी बत्ता. पदर खोचला आणि ओट्याच्या कडेवर दणकन घाव घातला. फरशीचा तुकडा चौधरी वकिलांच्या बुटावर पडला.

"अक्का! जैसे थे आहे! हुकूम आहे!" आम्ही सगळे एका सुरात ओरडलो.

"हुकूम याहीच्यावर हाय," अक्का म्हणाल्या. "मले कोनतीच नोटीस आली नाही. घर माह्या बापाचं हाय, माह्या नावावर हाय. ओटाबी माहा. माहा ओटा मी फोडीन, नाहीतर डोक्यावर घेऊन नाचीन. तुमचं काय जातं?"

घर अक्कांचं, आणि मी दावा आबांवर ठोकला होता! ज्याच्या मालकीचं काही नाही अशा माणसावर. आबांनी नुसतं एवढं म्हटलं असतं, तरी पहिल्याच सुनावणीत फेटाळला गेला असता.

पेटीमागून हताश आवाज आला, "अक्का, अगं तोच तर माझा राखून ठेवलेला मुद्दा होता! शेवटच्या तारखेला मांडणार होतो!"

"मांडा आता," अक्का म्हणाल्या आणि दुसरा घाव घातला. मग युनूसभाईंनी पहार आणली. ओटा फुटला, गाडी सुटली, आणि गाडीच्या मागोमाग आबा बाहेर आले. अंगभर सिमेंट, डोक्यावर ओला पंचा, हातात वेफर्सचं पाकीट. सुटकेच्या परवानगीचा अर्ज टाइप होऊन आला तेव्हा गाडी कोपऱ्यावर उभी होती आणि धंदा जोरात चालला होता. दावा तडजोडीनं निकाली निघाला. तो मुद्दा खरंच मांडला असता का, असं मी आबांना नंतर विचारलं. "हक्क राखून सांगतो," ते म्हणाले, "हो." पण माझ्याकडे न बघता म्हणाले, आणि मला ते हो कधीच खरं वाटलं नाही.

ओटा गेला तसे आबा आठवडाभर घराबाहेर पडले नाहीत. मला फार वाईट वाटलं. दावा माझ्या मनासारखा मिटला होता आणि माझीच संध्याकाळ मी घालवली होती. मग एके दिवशी संध्याकाळी जाऊन बघते, तर गल्लीत प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या, मधोमध आबा, मांडीवर शेंगा. आम्ही बसलो. थोड्या वेळानं धंदा आटोपून युनूसभाईंची गाडी आली. गाडीला वाट द्यायची म्हणजे सगळ्यांना उठून खुर्च्या उचलायला हव्यात. आम्ही कुरकुरत उठलो. आबा मात्र कोर्टात न्यायाधीश आल्यावर उठावं तसे ताठ उठले, कोटाची बटणं लावली आणि गाडीला मान लववली. गाडी गेली, आम्ही बसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुढे पुढे सवयच झाली. चाकांचा खडखडाट ऐकू आला की तालुक्याचा सगळा वकीलवर्ग खुर्च्या घेऊन भिंतीला लागून उभा. युनूसभाई पहिल्यांदा लाजायचे. मग तेही न्यायाधीशासारखे किंचित मान हलवून, हाताची खूण करून पुढे जाऊ लागले.

मी आबांना शेवटचं पाहिलं ते त्याच गल्लीत. अर्धांगाचा झटका येऊन गेला होता, उजवी बाजू लुळी पडली होती. बोलणं अडखळत होतं, पण खुर्ची मधोमधच हवी होती. खडखडाट झाला. आम्ही उठलो, खुर्च्या उचलल्या. आबांची खुर्ची तेवढी वाटेत राहिली. युनूसभाईंनी गाडी थांबवली.

"बैठो आबा. मी थांबतो. घाई नाही."

आबांनी डावा हात माझ्याकडे केला. "बाई, उठवा."

"बसा गुपचूप," अक्का म्हणाल्या. पण म्हणता म्हणताच त्यांनी दुसऱ्या बाजूनं खांदा दिला. आम्ही दोघींनी त्यांना उभं केलं, चौधरी वकिलांनी खुर्ची उचलली. आबांची डावी बोटं सदऱ्यावर नसलेल्या कोटाची बटणं शोधत होती. गाडी अगदी हळू आमच्यासमोरून गेली. आबांनी मान लववली. युनूसभाईंना या वेळी मान हलवणं जमलं नाही. ते गाडीकडेच बघत पुढे गेले.

"आता बसा," अक्का म्हणाल्या.

आबांनी एक बोट वर केलं. ओठ हलले, पण शब्द येईनात.

"हक्क राखून. ठाऊक हाय मले," अक्कांनी त्यांचं बोट हळूच मुठीत धरलं. "बसा."

आबा बसले. आम्ही मात्र गाडी आतल्या टोकाला पोचून चाकांचा आवाज थांबेपर्यंत उभेच होतो.